टेंडरची वंशावळ

‘फ्लाइंग स्कॉट्समन’वर लिहा, असं संपादकांनी सुचवलं, तेव्हा सामग्रीची वाण नव्हती. वाफेच्या क्वचितच एखाद्या इंजिनावर इतकं लिहिलं गेलं असेल. पण वाचत गेले तसं माझं लक्ष इंजिनावरून मागे सरकलं आणि त्याच्या पाठीला जोडलेल्या आठ चाकी टेंडरवर खिळून राहिलं. इंजिनाचं कोडकौतुक सगळे करतात. त्याला कोळसा आणि पाणी पुरवणाऱ्या टेंडरची चौकशी मात्र फारसं कुणी करत नाही. आणि हा टेंडर आला कुठून, हे शोधू लागलं की इंजिनाचाही इतिहास वेगळा दिसू लागतो.

इंजिनाची कहाणी थोडक्यात अशी. फेब्रुवारी १९२३मध्ये इंग्लंडमधल्या डॉन्कास्टरच्या कारखान्यातून ते बाहेर पडलं. तेव्हा क्रमांक होता १४७२. १९२४च्या वेम्ब्ली प्रदर्शनासाठी तो ४४७२ झाला आणि नावही मिळालं. ३० नोव्हेंबर १९३४ला त्याने ताशी १०० मैलांचा वेग गाठला. १९६३मध्ये सेवेतून निघालं, तेव्हा रेल्वेप्रेमी अॅलन पेग्लर यांनी ते ३,००० पौंडांना विकत घेतलं. पुढे अमेरिका, ऑस्ट्रेलिया, आणि २००४पासून यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाची मालकी.

या कहाणीत इंजिन एकच एक वाटतं. कारखान्यातली रीत मात्र तशी नव्हती. मोठ्या दुरुस्तीला आलेल्या इंजिनाचे भाग सुटे केले जात. बॉयलरच्या दुरुस्तीला जास्त दिवस लागत. तेवढ्यासाठी इंजिन अडवून ठेवायचं नाही, म्हणून तयार असलेला दुसरा बॉयलर त्यावर चढवायचा आणि गाडी रुळावर पाठवायची. टेंडरही असेच बदलत. प्रत्येक टेंडरला स्वतःचा क्रमांक असे आणि तो कधी कुठल्या इंजिनामागे गेला, याच्या नोंदी असत. म्हणून वाफेच्या इंजिनाच्या अभ्यासकांना टेंडरची वंशावळ वेगळी मांडावी लागते.

४४७२ची ही वंशावळ विलक्षण आहे. ते जन्माला आलं साध्या, आठ चाकी टेंडरसह. १९२८मध्ये त्याला नवा टेंडर मिळाला, आणि त्याचा शोध इथेच खरा रंगतो. लंडन ते एडिनबरा हे ३९२ मैलांचं अंतर १ मे १९२८पासून उन्हाळ्यात न थांबता कापायचं ठरलं होतं. लंडनहून स्कॉटलंडला जाणाऱ्या गाड्यांच्या १८९५च्या शर्यतीनंतर रेल्वे कंपन्यांनी आपसात किमान वेळेचा करार केला होता, त्यामुळे वेग वाढवून नाव काढायची सोय नव्हती. जाहिरातीला उरला होता एकच मुद्दा: वाटेत कुठेही थांबायचं नाही. पण सव्वाआठ तास एकाच ड्रायव्हर आणि फायरमनकडून इंजिन हाकून घेणं अमानुष होतं. माणसं बदलायची तर गाडी थांबवावी लागणार. मग या इंजिनाचे रचनाकार नायजेल ग्रेस्ली यांनी टेंडरच्या आतूनच वाट काढली.

अठरा इंच रुंद, पाच फूट उंच. टेंडरच्या एका बाजूने कोळसा आणि पाण्याच्या टाकीलगत जाणारा हा बोळ मागच्या डब्याला जोडलेला होता. उजेडासाठी टेंडरच्या मागच्या भिंतीत गोल खिडकी होती. घरात जेवणाच्या खुर्च्या भिंतीपासून अठरा इंचांवर ओळीने मांडून ग्रेस्ली स्वतः त्यातून सरपटले आणि आपल्यासारखा धिप्पाड माणूस जातो तर इंजिनावरचा माणूसही जाईल, असं त्यांनी ठरवलं, अशी हकिकत सांगितली जाते. घडली असो वा नसो, मला ती फार आवडते. मोजमाप माणसाच्या अंगावर करून पाहण्याची ती पद्धत आहे.

पहिल्या दिवशी लंडनहून निघालेलं इंजिन ४४७२च होतं. किंग्ज क्रॉसचे ड्रायव्हर पिबवर्थ यांनी अर्धी वाट सांभाळली आणि गेट्सहेडचे ब्लेड्स यांनी पुढची. दुसरी जोडी पहिल्या डब्यात बसून आली होती. यॉर्कच्या पुढे, धावत्या गाडीत, ती बोळातून इंजिनावर गेली आणि थकलेली जोडी मागे आली. त्या फायरमनचा विचार केल्यावर मला राहवत नाही: चार तास भट्टीसमोर फावडं मारून भाजलेला माणूस, कमरेत वाकलेला, दोन्ही खांदे पत्र्याला घासत, पायाखाली रुळांचा सततचा खडखडाट, बाजूला टाकीत हिंदकळणारं पाणी. आणि तरी पलीकडे पोचल्यावर आसनावर टेकायचं सुख.

पाणी चालत्या गाडीत भरण्याची युक्ती मात्र याहून जुनी. १८६०मध्ये जॉन रॅम्सबॉटम यांनी वेल्समध्ये ती प्रथम वापरली. रुळांच्या मध्ये लांबलचक उथळ हौद. टेंडरखाली खाली-वर होणारं पन्हळ. गाडीच्या वेगानेच पाणी नळातून वर चढतं. पन्हळ उशिरा उतरवलं तर पाणी कमी भरतं, उशिरा उचललं तर टाकी उतू जाते आणि पहिल्या डब्यातल्यांना आंघोळ घडते. लंडन-एडिनबरा मार्गावर असे सहा हौद होते. पाच हजार गॅलन पाणी आणि नऊ टन कोळसा एका टेंडरवर टाकून एवढं दूर जाणं त्यांच्याविना अशक्यच होतं.

तरीही १९३६मध्ये हा बोळाचा टेंडर ४४७२पासून काढला गेला. बिनथांब गाडीचा मान ए-४ वर्गाच्या निमुळत्या नाकाच्या नव्या इंजिनांकडे जात होता. ४४७२च्या नशिबी पुढे बोळ नसलेले टेंडर आले.

म्हणजे १९६३मध्ये पेग्लर यांनी विकत घेतलेल्या इंजिनामागचा टेंडर १९२८चा नव्हता. त्यांना १९२०-३०च्या काळातलं रूप परत हवं होतं. म्हणून ए-४ वर्गाकडे गेलेला एक बोळाचा टेंडर मिळवून जोडण्यात आला. आज जो दिसतो तो हाच. तो १९२८च्या दहा टेंडरांच्या तुकडीतलाच आहे, पण पहिल्या बिनथांब फेरीत ४४७२मागे असलेला नव्हे. पिबवर्थ आणि ब्लेड्स ज्या बोळातून गेले, त्याचा हा सख्खा भाऊ. प्रेक्षकाला हे सांगितलं तर इंजिनाची शान रतीभरही कमी होत नाही. उलट कारखान्याची रीत कळते. ते लपवावंसं वाटणं मला खटकतं.

खरी पंचाईत जतनाची आहे, आणि ती पाण्यापासून सुरू होते. ब्रिटनमध्ये डिझेल आलं तसे रुळांमधले हौद नाहीसे होत गेले. म्हणून १९६६मध्ये पेग्लर यांनी दुसरा टेंडर घेतला, तो फक्त पाण्यासाठी बदलून घेतला, आणि दोन्हीची क्षमता ११,००० गॅलनांच्या घरात नेली. १ मे १९६८ला या जोडीने लंडन-एडिनबरा प्रवास पुन्हा न थांबता केला. आज मात्र एका टेंडरवर साधारण शंभर मैलांचीच खात्री धरता येते. मग ठिकठिकाणी टँकर बोलवायचा, नळ्या जोडायच्या, वेळापत्रकात थांबे ठेवायचे. ज्या यंत्राची कीर्ती न थांबण्यावर उभी आहे, त्याला वाटेत पुन्हा पुन्हा थांबावं लागतं.

दुसरी अडचण पत्र्याची. पाण्याच्या टाकीचा पत्रा आतून गंजतो, कोळशाच्या ओल्या भुकटीखालचा बाहेरून. चालवायचं तर तो कापून नवा जोडावा लागतो आणि दर दुरुस्तीला १९२८चं लोखंड कमी होत जातं. २०१६मध्ये संपलेल्या मोठ्या दुरुस्तीवर ४२ लाख पौंडांहून अधिक खर्च झाला. बॉयलरची गोष्ट तशीच: काही वर्षं त्यावर ए-४ वर्गाचा बॉयलर होता, नंतर इंजिनाच्या स्वतःच्या वर्गाचा परत बसवला. टाकीच्या जुन्या पत्र्यावर ठोकलेले आकडे, रिव्हेटच्या रांगा, बदलाच्या खुणा हाच वंशावळीचा पुरावा. वेल्डिंगची एक रेघ त्यांतलं बरंच पुसून टाकू शकते. म्हणून नवा पत्रा बसवण्याआधी जुन्याचे ठसे घेणं, फोटो काढणं आणि काढलेले तुकडे क्रमांक टाकून ठेवणं, हे काम टेंडरला पुन्हा पाणी धरता येण्याइतकंच निकडीचं मानलं पाहिजे. वेळ आणि पैसा मात्र आधी पाण्यासाठीच लागतो.