चुनकळीची उष्णता आणि विद्यार्थ्यांचा गोंधळ

बी. ए. एम. एस.च्या प्रथम वर्षास येणारा विद्यार्थी बारावीपर्यंत रसायनशास्त्र शिकलेला असतो. उष्मादायी व उष्माग्राही अभिक्रियांच्या व्याख्या त्यास मुखोद्गत असतात. तथापि पाणी पडताच चुनकळी का तापते, असे विचारल्यास "भट्टीतील अग्नी तिच्यात साठलेला असतो" किंवा "बंध तुटून ऊर्जा बाहेर पडते" हीच उत्तरे आम्हांस बहुधा ऐकावयास मिळतात. दोन्ही सदोष आहेत. बंध तोडण्यास ऊर्जा नेहमी खर्चच होते; ती मिळते नवे बंध जुळताना. मिळकत खर्चापेक्षा अधिक झाली तरच भांडे तापते.

चुन्याचा हिशेब तर विलक्षण चोख आहे. १०० ग्रॅम चुनखडीपासून ५६ ग्रॅम चुनकळी होण्यास सुमारे १७८ किलोज्यूल उष्णता लागते. ती पाण्यात विरताना सुमारे ६५ किलोज्यूल परत मिळतात. विरलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो, तेव्हा उरलेले ११३. हे दुसरे कार्य इतके सावकाश चालते की हातास काहीच जाणवत नाही.

हा पाठ शिकविण्यास पुण्यात महात्मा फुले मंडईची एक फेरी पुरते. लिंबे मंडईत, खायचा सोडा व कापूर आसपासच्या दुकानांत. लिंबाच्या रसात सोडा टाकला की तो जोराने फसफसतो, म्हणून तापमान वाढेल असे विद्यार्थी छातीठोकपणे सांगतात. तापमापकातील पारा मात्र उतरतो. उलट कापरास काडी लावावी लागते म्हणून त्याचे ज्वलन उष्माग्राही, असेही सांगणारे भेटतात. प्रारंभी दिलेली उष्णता व अखेरची गोळाबेरीज या भिन्न गोष्टी होत.

आमच्या शास्त्रात या गोंधळाचा परिणाम अधिक दूरवर जातो. शंख व कवडी दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. तीव्र पुटात दोहोंचीही चुनकळी बनते व पाण्यात ती तापते. तरीही भावप्रकाशात शंख शीत, तर रसरत्नसमुच्चयात वराटिका उष्ण म्हटली आहे. वीर्य हे शरीरावरील कर्मावरून ठरते. तापमापकाने वीर्य सिद्ध करू पाहणारा विद्यार्थी दोन्ही शास्त्रांवर अन्याय करतो.

चूर्णोदक करताना मात्र हा हिशेब डोळ्यांसमोर हवाच. ५६ ग्रॅम चुनकळी लिटरभर पाणी सुमारे १५ अंशांनीच तापवील, पण वाटीभर पाणी उकळून उडवील. यास्तव चुनकळीवर पाणी न ओतता भरपूर पाण्यात ती थोडी थोडी सोडावी व चष्मा लावावा. डोळ्यात कण गेलाच, तर "पाण्याने अधिक भाजेल" या भीतीने थांबू नये. दिसणारे कण चटकन टिपून काढावेत, वाहत्या पाण्याने डोळा दीर्घकाळ धुवावा आणि रुग्णास विनाविलंब नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.