पेटी भरली, संदेश कोठे गेला?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो होतो. वडिलांचा साधा, बटणांचा मोबाइल सहज हाती घेतला, तर संदेशपेटी भरल्याची सूचना पडद्यावर दिसत होती. मी जाहिरातींचे दहाबारा संदेश पुसून टाकले. थोड्याच वेळात एकामागून एक चार नवे संदेश येऊन दाखल झाले! त्यांतला एक डोळ्यांच्या रुग्णालयाचा, चार दिवसांपूर्वी पाठवलेला होता. तपासणी दुसऱ्याच दिवशी सकाळी होती. मग चार दिवस तो संदेश होता कोठे?

विद्यार्थी मित्रांनो, लघुसंदेश म्हणजेच एसएमएस एका फोनवरून थेट दुसऱ्या फोनकडे जात नाही. तो आधी मोबाइल कंपनीच्या संदेश-केंद्रात जमा होतो. केंद्र तो पुढे पाठवते, पण स्वतःजवळही ठेवते. समोरच्या फोनकडून पोच आली, की मगच काम पुरे झाले असे मानते.

पेटी भरलेली असेल, तर फोन पोच देत नाही. 'जागा नाही' अशा अर्थाचा ठरावीक संकेत तो उलट पाठवतो. प्रत्येक ग्राहकाची नोंद ठेवणारी एक मध्यवर्ती नोंदवही कंपनीकडे असते. तीत त्या ग्राहकापुढे तशी खूण केली जाते, आणि कोणत्या केंद्रात त्याचा संदेश थांबला आहे, हेही लिहिले जाते. फोन चालूच असल्याने बोलणे मात्र सुरळीत चालते. म्हणूनच वडिलांना काही बिघडले आहे असे वाटले नाही.

आता खरी गंमत पाहा. संदेश पुसून जागा झाली, की फोन आपण होऊन 'जागा झाली' असा संकेत धाडतो. नोंदवहीतील खूण पुसली जाते, केंद्राला वर्दी मिळते आणि अडलेला संदेश पुन्हा निघतो.

पण केंद्र कायम वाट पाहत नाही. प्रत्येक संदेशाला मुदत असते. ती संपली, की संदेश काढून टाकला जातो. मग जागा करूनही उपयोग नाही!

मराठी संदेशांनी पेटी लवकर भरते, त्याचे कारण गणितात आहे. एका संदेशात ११२० बिट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. देवनागरी चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून फक्त ७० चिन्हे बसतात. त्यांत काना, मात्रा, वेलांटीही वेगळी मोजली जाते. मजकूर त्याहून लांबला, की त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र जागा अडवतो.

तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्या पडद्यावर 'पाठवला' असे दिसले, तर त्याचा अर्थ संदेश केंद्रापर्यंत पोचला, एवढाच. तो माणसापर्यंत पोचला असे नव्हे. निरोप महत्त्वाचा असेल, तर एकदा फोन करून विचारावे. आणि आज घरी गेल्यावर आजीआजोबांच्या फोनची पेटी जरूर पाहा. कोण जाणे, एखादा निरोप केंद्रात ताटकळत असेल!