धाप, भीती आणि ध्यान: शंभर वर्षांचा मागोवा

दुर्गाडीचा पूल ओलांडून कल्याण मागे टाकले की कोन लागते. एका अंगाला खाडी, जवळच सरवलीची एमआयडीसी, पुढे राजनोली नाका आणि त्यापलीकडे यंत्रमागांची भिवंडी. रंगाईचे कारखाने, गोदामे, दिवसरात्र धावणारे ट्रेलर. या पट्ट्यात 'जिना चढताना दम लागतो' ही तक्रार कुणालाच नवी नाही.

कापसाची धूळ छातीचे काय करते, हे गिरणगावाने आधी भोगले. केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांमधल्या बिसिनोसिसचा, म्हणजे कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराचा, अभ्यास केला. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसत गेल्या आणि विणकाम भिवंडीसारख्या गावांत वाढत गेले. बिसिनोसिस हा कायद्याने भरपाईस पात्र व्यावसायिक आजार आहे. पण छोट्या शेडमधल्या, हजेरीपटावर नाव नसलेल्या कामगाराने ती भरपाई मागायची कुणाकडे? म्हणून ध्यानाबद्दल बोलण्याआधी एक गोष्ट स्पष्ट असावी: धूळ कमी करणे ही मालकाची आणि सरकारची जबाबदारी आहे आणि ध्यान शिकवल्याने ती टळत नाही.

श्वासाच्या आजारावर योगाने काय साधते, याचा शास्त्रीय शोध महाराष्ट्रातच लवकर सुरू झाला. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. पुढे तिथेच डॉ. म. वि. भोळे यांनी दम्याच्या रुग्णांवर काम केले. बंगळूरच्या डॉ. आर. नागरत्ना आणि डॉ. एच. आर. नागेंद्र यांनी 53 दमेकऱ्यांना योग शिकवला आणि तेवढ्याच दमेकऱ्यांशी त्यांची तुलना केली. योग करणाऱ्यांचे दम्याचे झटके कमी झाले, औषधही कमी लागले. हा अभ्यास 1985 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला.

दुसरा धागा विपश्यनेचा. सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशातून 1969 साली भारतात आले. जुलैमध्ये मुंबईत त्यांचे पहिले शिबिर झाले आणि 1976 पासून इगतपुरीचे धम्मगिरी सुरू झाले. शिबिराचे पहिले तीन दिवस फक्त येणारा-जाणारा श्वास पाहायचा असतो. 1979 मध्ये अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी बौद्ध ध्यानपरंपरेतून अभ्यासक्रम बांधून तो रुग्णालयात नेला. तिथून हे ध्यान जुनाट आजारांच्या रुग्णांपर्यंत पोचले.

फुप्फुसांच्या बाबतीत मात्र पहिला निकाल निराशेचा होता. 2009 साली अमेरिकेतल्या सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या आकसण्याचा जुनाट आजार, झालेल्या माजी सैनिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ध्यान शिकलेला गट आणि नुसता एकत्र बसून बोलणारा गट यांच्या धापेत फरक दिसला नाही. त्याच वर्षी पुण्याच्या डॉ. संदीप साळवींनी सहलेखक पीटर बार्न्स यांच्यासह 'लॅन्सेट'मध्ये लिहून विडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्यांच्या सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधले. चुलीचा धूर आणि कामाच्या जागची धूळ ही त्याची मोठी कारणे. 2016 साली भारतात सीओपीडीचे अंदाजे साडेपाच कोटी रुग्ण होते. 2018 मध्ये ध्यानाबाबत डेन्मार्कमधून वेगळा निकाल आला. नेहमीच्या फुप्फुस-पुनर्वसनाला ध्यानाची जोड दिली, तेव्हा रुग्णांचा मानसिक त्रास कमी झाला.

मला हे दोन्ही निकाल खरे वाटतात आणि ते एकमेकांच्या विरोधात नाहीत. सीओपीडीत हवा आत जाते, पण पुरती बाहेर पडत नाही. धाप लागली की माणूस घाबरतो, घाबरला की भराभर श्वास घेतो, मग बाहेर सोडायला वेळच उरत नाही. आत हवा साचत जाते आणि धाप आणखी वाढते. आकसलेल्या नळ्या ध्यानाने उघडत नाहीत. ते काम औषधाच्या पंपाचे, म्हणजे इनहेलरचे. पण या फेऱ्यातली भीती ध्यानाने सैल होऊ शकते. रात्री दोन वाजता 'आता मी मरतो' असे वाटणाऱ्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही.

एक काळजी मात्र घ्यावी. काहींना श्वासाकडे लक्ष देताच जास्त गुदमरल्यासारखे होते. त्यांनी तळपाय जमिनीला कुठे टेकतात, बाहेर कोणते आवाज येतात, तिकडे लक्ष न्यावे. पुढे थोडे वाकून बसावे, ओठांचा चंबू करून श्वास सावकाश सोडावा. पंप स्वतःहून बंद करू नये. ओठ निळे पडले किंवा बोलताना वाक्य पुरे होईना, तर ध्यानाला न बसता थेट रुग्णालय गाठावे.

कोनहून इगतपुरी शंभर किलोमीटरच्या आत आहे, तीही राजनोलीवरून जाणाऱ्या नाशिक महामार्गावरच. पण रोजंदारीवरचा माणूस दहा दिवसांची मजुरी बुडवून शिबिराला जाऊ शकत नाही आणि धाप वाढलेल्या रुग्णाला ते कडक वेळापत्रक झेपेलच असे नाही. त्याच्यासाठी आठवड्यातून एकदा, जवळच्या आरोग्य केंद्रात, ओपीडी संपल्यावर ध्यानाचा अर्धा तास हवा. मराठीत, हिंदीत, तेलुगूत, जी भाषा त्या कामगाराची असेल तीत. या वर्गाला एक खोली, काही खुर्च्या आणि शिकलेली एक परिचारिका एवढेच लागेल. तालुक्यातल्या डॉक्टरांनी आणि आरोग्य अधिकाऱ्यांनी हे एका केंद्रात तरी सुरू करून पाहावे, ही विनंती.