संत्र्याच्या मोहराशी नाते सांगणारी वाइन

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील हिंगणी हे बोर धरणाच्या वाटेवरचे गाव. गांधीजींच्या सेवाग्रामचा आणि विनोबांच्या पवनारचा हा जिल्हा सत्तरच्या दशकापासून दारूबंदीखाली आहे. अशा गावाचा आणि फ्रान्समधील एका सुगंधी श्वेत वाइनचा संबंध काय, असा प्रश्न कुणालाही पडेल. संबंध आहे तो गंधाचा. याच जिल्ह्यातील आर्वी, आष्टी, कारंजा या भागांत आंबिया बहराच्या दिवसांत संत्र्याच्या बागा फुलतात, तेव्हा हवेत जो गोड दरवळ पसरतो, त्याचा एक घटक ‘व्हियोनिए’ नावाच्या द्राक्षातही असतो. त्याचे नाव लिनालूल.

व्हियोनिए ही ऱ्होन नदीच्या उत्तर खोऱ्यातील पांढऱ्या द्राक्षाची जात. काँद्रियू हे तिचे माहेर. तिथल्या तीव्र उताराच्या टेकड्यांवर दगडी बांध घालून वेली जोपासल्या जातात. शेजारच्या शातो-ग्रिये या नामांकित क्षेत्राचा विस्तार तर चार हेक्टरांहूनही कमी आहे. जर्दाळू, पीच, संत्र्याचा मोहर यांची आठवण करून देणारा गंध आणि जिभेवर जाणवणारा भरीव, किंचित स्निग्ध पोत ही या वाइनची ओळख. वास घेताना ती गोड असेल असे वाटते. प्रत्यक्षात ती बहुधा कोरडी, म्हणजे साखर जवळपास न उरलेली असते. नवख्या माणसाची पहिली फसगत इथेच होते.

हा गंध येतो कुठून? लिनालूल, जिरॅनिऑल यांसारखी सुगंधी द्रव्ये प्रामुख्याने द्राक्षाच्या सालीत आणि सालीलगत साठतात. त्यांतील बराच भाग साखरेशी बांधलेला असल्याने त्याला वास नसतो. रस आंबताना आणि वाइन मुरताना हे बंध हळूहळू सुटतात व सुगंध मोकळा होतो. म्हणूनच रस पोलादी टाक्यांमध्ये थंड ठेवून सावकाश आंबवतात. उष्णता वाढली तर हा नाजूक ऐवज उडून जातो.

मात्र व्हियोनिए हे शेतकऱ्याची परीक्षा पाहणारे पीक आहे. त्याचा सुगंध पक्वतेच्या अगदी शेवटच्या टप्प्यात भरतो आणि नेमका त्याच वेळी आम्लपणा झपाट्याने उतरतो. तोडणी लवकर केली तर वाइन गंधहीन. उशीर झाला तर जड आणि बेचव. त्यात उत्पन्न बेभरवशाचे. फिलॉक्सेरा कीड, पहिले महायुद्ध आणि नंतरची मंदी यांनी काँद्रियूचे मळे ओस पडले. अनेकांनी फळबागा किंवा कारखान्यातील नोकरी पत्करली. 1960 च्या दशकात जगभरात या जातीची लागवड वीस हेक्टरांच्याही आत आली होती. जॉर्ज व्हेर्ने यांच्यासारख्या मोजक्या उत्पादकांनी बांध सोडले नाहीत, म्हणून ती वाचली. आज कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियातही ती रुजली आहे.

महाराष्ट्रातही ती आली. नाशिकच्या ‘सुला’ने 2000 साली पहिली वाइन बाजारात आणली, पुढे तिच्या ‘दिंडोरी रिझर्व्ह’ मालिकेत व्हियोनिएला स्थान मिळाले. इथल्या उन्हावरचा उपाय म्हणजे छाटणीचे वेळापत्रक. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. त्यामुळे घड हिवाळ्यातील थंड रात्रींत पिकतात आणि आम्लपणा काहीसा टिकतो. अर्थात, संकट इथेही चुकले नाही. 2008 नंतरच्या मंदीत वाइन पडून राहिली आणि नाशिक परिसरात अनेकांनी वाइनच्या द्राक्षांच्या बागा उपटल्या. काँद्रियूचा धडा इथेही लागू पडला: मोल मिळेल तोवरच जात टिकते.

ही वाइन साधारण दहा ते बारा अंश तापमानाला दिली जाते. फार गार केली तर सुगंध दबतो. बहुतेक बाटल्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच उघडाव्यात. दीर्घकाळ मुरवण्याचा हा प्रकार नव्हे. नारळाच्या रसातील कोळंबी किंवा सौम्य मसाल्याचे पनीर तिला साजते. सावजी रश्श्याशी मात्र तिचे जमत नाही. तिच्यात अल्कोहोलचे प्रमाण बरेचदा तेरा टक्क्यांच्या पुढे असते आणि अल्कोहोल तिखटाचा दाह वाढवते.

इथे एक भान आवश्यक आहे. वाइन म्हणजे औषध नव्हे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. वर्धा जिल्ह्यात तर कायद्यानेच बंदी आहे. परंतु एखादी गोष्ट जाणून घेण्यासाठी तिचा पेला ओठाला लागलाच पाहिजे असे नाही. काँद्रियूच्या त्या वाइनचा सर्वांत लोभस गुण हिंगणीच्या रहिवाशाला घरबसल्या ओळखीचा आहे. माघातल्या सकाळी संत्र्याच्या बागेतून जाताना श्वास खोल घ्यावा, एवढेच.