साध्या फाइलीतलं मराठी

पडद्यावर फार काही दिसत नाही. ओळीच्या सुरुवातीला एक तारा आणि पुढे 'सातारा तालुका'. त्याखाली दोन तारे आणि 'लिंब, शेरेवाडी : बारामोटेची विहीर'. मग थोडा मजकूर आणि उभ्या रेघांनी आखलेला एक तक्ता. टॅबचं बटण दाबलं की पहिल्या ताऱ्याखालचं सगळं मिटतं, पुन्हा दाबलं की उलगडतं. जिल्ह्यातल्या जुन्या विहिरी, बारवा, नदीवरचे घाट यांची टिपणं मी अशी ठेवतो. हीच फाइल नोटपॅडमध्ये उघडली तरी तेच दिसतं : तारे, रेघा, मजकूर. आत दडलेलं काही नाही.

या पद्धतीचं नाव ऑर्ग मोड. ईमॅक्स नावाचा मजकूर-संपादक आहे, त्याच्या पोटात ती चालते. कार्स्टेन डॉमिनिक या ॲम्स्टरडॅमच्या खगोलशास्त्रज्ञाने २००३ साली स्वतःची टिपणं आणि कामांच्या याद्या एकाच फाइलीत ठेवता याव्यात म्हणून ती लिहायला घेतली. २००७ साली ती ईमॅक्सबरोबरच मिळू लागली. पुढे देखभालीची जबाबदारी बास्तियां गेरी यांनी बरीच वर्षं सांभाळली, आता इहोर राडचेंको ते काम बघतात. कंपनी नाही, परवान्याचे पैसे नाहीत. जगभरचे वापरणारे आपापल्या फुरसतीत दुरुस्त्या पाठवतात, आणि त्या तपासून घेणारी माणसं अगदी मोजकी.

साध्या मजकुराचं महत्त्व आपल्याकडे समजावून सांगावं लागत नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर जुळवलेली एखाद्या संस्थेची स्मरणिका आज उघडून बघा. इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हांचा ढीग दिसतो. त्या काळच्या फॉन्टांत 'क' हा 'क' म्हणून साठवलेलाच नसे. कुठल्या तरी इंग्रजी चिन्हाच्या जागी 'क'चं चित्र बसवलेलं असे. फॉन्ट गेला की मजकूरही गेला. युनिकोडने हा घोळ मिटवला आणि साध्या फाइलीतलं मराठी कुठल्याही यंत्रावर वाचता येऊ लागलं. म्हणूनच मी टिपणं अशा फाइलींत ठेवतो. पण वाचता येणं आणि नीट लिहिता येणं यांत अजून अंतर आहे.

तक्त्यापासून सुरुवात करतो. लिंबच्या विहिरीवरच्या शिलालेखात वीरूबाई भोसले यांचं नाव आणि शके १६४१ ते १६४६ हा बांधकामाचा काळ आहे. माझ्या तक्त्यात शक एका रकान्यात आणि इसवी सन त्याच्या पुढच्या. तक्त्याखाली एक ओळ लिहून ठेवली आहे : पुढचा रकाना म्हणजे मागचा अधिक ७८. नवी नोंद भरली, दोन कळा दाबल्या की सगळे सन आपोआप येतात : १७१९, १७२४. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असली तर ७९ मिळवावे लागतात, ते मी हाताने करतो. एवढ्यासाठी वेगळं स्प्रेडशीट उघडावं लागत नाही, ही चैन खरोखर मोठी आहे.

मात्र शिलालेखावर आहे तसे देवनागरी आकडे तक्त्यात घातले की हिशेब होत नाही. ऑर्गच्या गणिताला फक्त इंग्रजी आकडे कळतात. तारखांचंही तेच. वाराचं नाव 'सोम', 'मंगळ' असं चालतं, पण साल, महिना, दिवस इंग्रजी आकड्यांतच लागतात, नाहीतर ती तारीख वेळापत्रकात दिसतच नाही. परिणामी माझ्या तक्त्यात शकाचे दोन रकाने झालेत. एकात दगडावरचा आकडा जसाच्या तसा, दुसऱ्यात हिशेबाचा.

शिवाय रेघा सरळ राहत नाहीत. इंग्रजी मजकुरात प्रत्येक अक्षराला एक घर, म्हणून अक्षरं मोजून रिकाम्या जागा भरल्या की रकाने बरोबर जुळतात. आपल्याकडे 'क्ष्म' लिहायला पाच चिन्हं लागतात आणि पडद्यावर आकृती एकच उमटते. तिची रुंदी फॉन्ट ठरवतो. २०२० साली आलेल्या ईमॅक्स २७ पासून अक्षरजुळणीचं काम हार्फबझ या संग्रहाकडे गेलं आणि जोडाक्षरं देखणी दिसू लागली. पण काढलेली रुंदी आणि मोजलेली रुंदी अजून एक नाहीत. तक्त्याची उजवी कड ओळीओळीला पुढेमागे सरकते. घरं मोजायची सोडून पडद्यावरचे ठिपके मोजणारी एक जोडणी मिळते, तिने हे बरंच सावरतं.

खरी अडचण यापेक्षा बारीक आहे आणि मराठी लिहिणाऱ्याला ती पहिल्याच पानावर भेटते. ऑर्गमध्ये शब्द तिरपा करायचा तर दोन्ही बाजूंनी तिरपी रेघ द्यायची : /केसरी/. ठळक करायचा तर दोन्ही बाजूंना तारा. इथवर ठीक. पण मला लिहायचं असतं 'केसरीत छापून आलं'. म्हणजे /केसरी/त. आणि हे ऑर्गला मान्य नाही. शेवटच्या खुणेनंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्हच हवं, असा नियम आहे. खुणेला अक्षर चिकटलं की ती खूणच मानली जात नाही. रेघा तशाच छापल्या जातात.

नियमामागचं कारण समजण्यासारखं आहे. संगणकाच्या फाइलींचे पत्ते तिरप्या रेघांनी भरलेले असतात, गुणाकारात तारे येतात. ती सगळी चिन्हं सजावट समजली गेली तर मजकुराचा विचका होईल. इंग्रजीत शब्दाला काही चिकटवण्याची वेळ क्वचित येते, तेव्हा हा नियम तिथे कुणाला टोचत नाही. मराठीचं सगळं चलनवलनच चिकटवण्यावर आहे. पुस्तकाचं नाव आलं की त्याच्या पाठोपाठ त, ने, ला, चा आलाच.

ऑर्गच्या मार्गदर्शिकेत यावर तोड दिली आहे : खूण आणि अक्षर यांच्यामध्ये शून्य रुंदीची एक अदृश्य जागा घालायची. 'केसरी'पुढच्या 'त'ला ती चालते. पण 'ज्ञानोदय' असं नाव असलं आणि 'ज्ञानोदयात' म्हणायचं असलं, की प्रत्यय सुरू होतो काना देऊन. अदृश्य जागेनंतर तो काना एकटा पडतो आणि ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेला दिसतो. शिवाय साध्या मजकुरात काही दडलेलं नसावं म्हणून या वाटेला यायचं, आणि मग आपणच त्यात न दिसणारी अक्षरं पेरायची, हे मला पटत नाही. मी मुकाट्याने 'केसरी या पत्रात' असं लिहितो. वाक्य लांबतं, पण खूण शाबूत राहते. एखाद्या लेखनपद्धतीने लेखकाला वाक्य बदलायला लावावं, ही गोष्ट क्षुल्लक नाही.

हा प्रश्न सुटू शकतो, याचा पुरावा घरातच आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, म्हणजे ऑर्गच्याच वयाचा. तिथे दुव्यासाठी दुहेरी चौकटी कंस देतात. [[वाई]]त असं लिहिलं की फक्त 'वाई' निळा होत नाही, 'वाईत' हा अख्खा शब्द निळा होतो आणि दुवा मात्र वाईच्याच पानाला लागतो. हे आपोआप झालेलं नाही. विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, त्याच्या मराठीसाठीच्या मांडणीत एक ओळ आहे : कंसानंतर लागून आलेली देवनागरी अक्षरं दुव्यात धरावीत. कुणीतरी बसून ती ओळ लिहिली. मार्कडाउन या साध्या मजकुराच्या दुसऱ्या पद्धतीतही ताऱ्यांनी ठळक केलेल्या शब्दाला प्रत्यय चिकटवता येतो. ऑर्ग या बाबतीत मागे आहे, हे त्याचा भक्त असूनही मान्य करायला हवं.

मग पुढे काय? शब्दाच्या आतही चालेल अशी नवी खूण, म्हणजे आधी नाव आणि मग महिरपी कंसात मजकूर, असा विचार देखभाल करणाऱ्यांमध्ये बरेच दिवस चालू आहे. काम सावकाश चालतं, आणि ते रास्तच आहे. कुठलंही नवं चिन्ह घ्या, कुणाच्या तरी जुन्या फाइलीत ते आधीच बसलेलं असतं. ९.२ या आवृत्तीत आज्ञावलीचा चौकोन झटपट उमटवण्याची एक जुनी लकब मूळ मांडणीतून काढून वेगळ्या जोडणीत टाकली, तर केवढी कुरकुर झाली. ती तर नुसती बोटांची सवय होती. खूण बदलली तर लोकांची वर्षानुवर्षांची टिपणं वाकडी होतील. वीस वर्षांपूर्वीची फाइल आजही जशीच्या तशी उघडते, ही या साधनाची खरी कमाई आहे आणि ती एका प्रत्ययासाठी उधळू नये असं मलाही वाटतं. नवी खूण जुनीच्या शेजारी यावी, तिला हाकलून नव्हे.

त्याहून मोठं काम म्हणजे या खुणांचं व्याकरण पक्कं करणं. सुरुवातीला ऑर्गचे वेगवेगळे भाग फाइल आपापल्या परीने वाचत. एकाला जो मथळा वाटे तो दुसऱ्याला वाटेलच असं नव्हतं. निकोला गोआझिऊ यांनी सगळ्यांसाठी एकच वाचक-यंत्रणा लिहिली आणि एप्रिल २०१३ मधल्या ८.० आवृत्तीपासून फाइलीचं वेबपान किंवा पीडीएफ करणारा भाग तिच्यावर उभा राहिला. त्या यंत्रणेतूनच खुणांचे नियम लेखी मांडले गेले. लेखी व्याकरण असलं की ईमॅक्सच्या बाहेरची साधनंही ती फाइल वाचू शकतात. फाइलींचं रूपांतर करणारा पँडॉक वाचतो, फोनवरची काही ॲप वाचतात, पण प्रत्येक जण थोडं थोडं सोडून. २०२१ साली ऑस्ट्रियातल्या कार्ल फॉइट यांनी सुचवलं, की या खुणांना ईमॅक्सपासून वेगळं नाव द्यावं, ऑर्गडाउन, आणि कुठल्याही साधनाने निदान एवढं तरी पाळावं अशी पायरी ठरवावी. नावावरून मतभेद झाले. सूचना मात्र योग्य आहे. माझी टिपणं माझ्यानंतर जो उघडेल त्याला ईमॅक्सच्या कळा शिकायची सक्ती नसावी.

क्रमवारीचं दुखणंही याच जातीचं. टिपणांचे मथळे अकारविल्हे लावायला सांगितले की इंग्रजी मांडणीच्या संगणकावर 'काळूबाई' हे 'कास'च्या आधी येतं, कारण तिथे ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर, मग क्ष, ज्ञ. वाईला मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं, १९७६ साली पहिला खंड निघाला आणि पुढे वीस खंडांपर्यंत हजारो नोंदी अशा क्रमाने लागल्या. त्या वेळी क्रम माणसं लावत होती. आता तो संगणकाच्या भाषा-मांडणीवर अवलंबून असतो, आणि ती मराठी ठेवायची असते हे आपल्याला कुणी सांगत नाही.

हे सगळं ज्यांनी दुरुस्त करायचं त्यांना मराठी येत नाही. लटकलेला काना त्यांच्या पडद्यावर कधी येणारच नाही. तो आपणच दाखवायला हवा, आणि दाखवायचीही एक रीत आहे. स्वतःची सगळी सजावट बाजूला ठेवून रिकामा ईमॅक्स उघडायचा, चार ओळींची छोटी फाइल करायची, काय अपेक्षित होतं आणि काय झालं ते लिहायचं. तक्रार पाठवण्याची आज्ञा ऑर्गमध्येच आहे, ती आवृत्तीचा तपशील स्वतःच भरते. 'मराठी नीट चालत नाही' एवढंच कळवलं तर त्यावर कुणी काही करू शकत नाही. चार ओळींचा नमुना असला तर काम पुढे सरकतं.

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे, कराडला आणि साताऱ्यात संगणक शिकणारी मुलं आहेत. त्यांच्यासाठी एक लहानसं काम सुचवतो. फाइलीचं वेबपान करताना 'अनुक्रमणिका', 'तळटीपा', 'आकृती', 'तक्ता', 'लेखक' असे ठरीव शब्द ऑर्ग एका छोट्या कोशातून उचलतो. त्यात जपानी आहे, आइसलँडिक आहे, एस्पेरांतोही आहे. मी वापरतो त्या आवृत्तीत मराठी नाही, म्हणून मराठी लेखाच्या डोक्यावर इंग्रजी मथळा छापून येतो. पंधराएक ओळींपर्यंतची दुरुस्ती कागदपत्रांशिवाय स्वीकारतात. त्यापेक्षा मोठी असेल तर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला हक्क देण्याचा एक करार सही करून पाठवावा लागतो, आणि तो एकदाच करायचा असतो. मराठीचे शब्द पंधरा ओळींत मावणार नाहीत. तेव्हा कुणीतरी सही करावी आणि ते शब्द पाठवून द्यावेत.