समुद्रातले प्लास्टिक आणि आपले ताट

‘डॉक्टर, माशांत प्लास्टिक असते म्हणे. मग मासे खायचे की सोडायचे?’ असे हल्ली बरेच रुग्ण विचारतात.

प्लास्टिक सहसा कुजत नाही. उन्हाने ते ठिसूळ होते आणि लाटांच्या माऱ्याने त्याचे तुकडे होत जातात. पाच मिलिमीटरहून लहान कणांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन यांनी २००४ साली त्याकडे जगाचे लक्ष वेधले. पॉलिएस्टरचे कपडे धुताना सुटणारे बारीक तंतूही गटारातून नदीत आणि नदीतून समुद्रात जातात. मासे ते गिळतात.

शरीरात गेल्यावर पुढे काय? इटलीतील डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिनीतून काढलेला चरबीचा थर तपासला; हा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. २५७ पैकी १५० रुग्णांच्या थरात पॉलिथिन सापडले. ज्यांच्या थरात प्लास्टिक होते, त्यांना पुढील सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका साडेचार पट आढळला. प्लास्टिकमुळेच हे घडले, असे यावरून सिद्ध होत नाही. पण दुर्लक्ष करण्याजोगीही ही गोष्ट नाही.

म्हणून मासे सोडू नका. त्यांतील प्रथिने मोलाची आहेत. गिळलेले कण मुख्यतः आतड्यात राहतात, तेव्हा मासा पोट साफ करूनच शिजवा. गरम चहा प्लास्टिकच्या पिशवीतून आणू नका, स्टीलची किटली न्या. आणि रिकामी पिशवी नाल्यात टाकू नका. वाचकहो, समुद्र दूर असला तरी नाल्याला त्याची वाट ठाऊक असते.