नांव मोठें कीं ओझें हलकें?

आषाढ लागला कीं पनवेलच्या घराघरांतून एकच खल सुरू होतो : मुलास कोणत्या इंजिनियरिंग कॉलेजांत घालावें? आमच्या घरींहि तो तीन रात्री चालला. नामांकित कॉलेजासाठीं कर्ज काढावें, तर धाकट्या भावंडांच्या शिक्षणाचें काय? त्यापेक्षां नव्या पनवेलींत शुल्कमाफीची जागा मिळाल्यास ती कां सोडावी?

मंजूर संख्येच्या शेंकडा ५ अधिक जागा या माफीसाठीं असतात. साठांच्या वर्गामागें तीन. कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आंत लागतें, आणि निवड गुणांवर होते. म्हणून तिच्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. मात्र माफी केवळ शिक्षणशुल्काची. इतर फी भरावीच लागते. शिवाय पुढें कॉलेज वा शाखा बदलतां येत नाहीं. तेव्हां शाखा मुलाच्या आवडीची आहे ना, हें आधींच पाहावें.

विश्वेश्वरय्या म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्यास शिकले आणि १८८३ सालीं इंजिनियरिंगच्या परीक्षेंत पहिले आले. आमच्या पुतण्यानें अखेर माफीची जागाच पत्करली. कर्जाचे कागद वडिलांनीं कोरेच परत ठेवले, आणि त्या रात्रीं घर निवांत झोंपलें.